सोसायटीच्या भिंतीवर अमूर्त चित्र : ठरावापासून पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंत

पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर अमूर्त चित्र करायचं काम नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी उरकल्यावर सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीनंतर संपलं. यात प्रत्यक्ष रंग लावायचं काम जेमतेम सहा आठवड्यांचं. बाकीचा काळ ठराव, ओल, गिलावा वाळणं आणि वाट पाहणं यात गेला. पहिल्यांदा मोठी भिंत हातात घेणाऱ्याला नेमकं हेच आधी माहीत नसतं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

भिंत ३० फूट रुंद, ३६ फूट उंच, एकही खिडकी नाही. म्हणजे १,०८० चौरस फूट. समोर रस्ता, मध्ये सोसायटीचं आवार. नोव्हेंबरात फक्त मोजमाप आणि निरीक्षण केलं. भिंत मोजताना चारही कडा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. जुन्या इमारतीत भिंतीचा वरचा भाग खालच्यापेक्षा दोन-तीन इंचांनी अरुंद असणं नेहमीचं आहे, आणि आडव्या-उभ्या रेषांच्या चित्रात तो फरक कडेला उघडा पडतो. माणसाचा चेहरा किंवा झाड रंगवलं तर रेघ दोन इंच सरकली तरी चालून जातं. अमूर्त चित्रात पाहणाऱ्याला ओळखीचं काही नसतं, तो फक्त अंतरं, कडा आणि रंग पाहतो. त्यामुळे तिरकेपणा लगेच खुपतो. अमूर्त म्हणजे सुचेल तसं करत जायचं, असं समजून परांचीवर चढू नये. आखणी इथे जास्त काटेकोर लागते.

दुसरं निरीक्षण उन्हाचं. पश्चिमेची भिंत दुपारी बारा-साडेबारापर्यंत सावलीत असते. नंतर ऊन तिच्यावर तिरपं घसरत येतं आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. भिंतीचे फोटो त्याच वेळी काढून ठेवावेत. लांबी, म्हणजे भिंत सपाट करायची पुट्टी, कुठे भरायची याचा नकाशा आयता मिळतो.

तिसरं, पाहणारा कुठे उभा असेल. इथे तीन जागा होत्या: समोरचा फूटपाथ, सुमारे ३० मीटरवर, गेट, १० मीटरवर, आणि भिंतीलगतची पार्किंगची वाट. यावरून दोन हिशोब निघतात. ३० मीटरवरून सुमारे ९ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन रेघा नजरेला वेगळ्या दिसत नाहीत, एकच करडा पट्टा दिसतो. म्हणून सगळ्यात बारीक पट्टी आणि सगळ्यात बारीक फट ३ सेंटिमीटरची ठेवली. दुसरा हिशोब उंचीचा. गेटपाशी उभं राहिल्यावर डोळ्याच्या उंचीवरची २० सेंटिमीटरची आडवी पट्टी जेवढी जाड दिसते, तेवढीच भिंतीच्या माथ्यावर दिसायला ती जवळपास ३८ सेंटिमीटर करावी लागते. फूटपाथवरून मात्र २२ सेंटिमीटर पुरतात. दोन्हीकडून बरोबर दिसणं शक्य नाही, त्यामुळे निवड करावी लागते. रोज पाहणारे रस्त्यावरचे जास्त, म्हणून वरच्या पट्ट्या साधारण पाव हिस्स्याने मोठ्या केल्या.

आता चित्र कुठून आलं त्याबद्दल. पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही घाटरस्त्यात कापलेली कडा पाहिली तर काळ्या-करड्या खडकाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहत राहिला, त्याचे हे थर. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी-तांबड्या मातीची पट्टी असते. आधीचा प्रवाह थंड होऊन उघडा पडला, झिजला, त्यातलं लोह गंजलं आणि मग वर पुढचा प्रवाह आला, की ही पट्टी मागे राहते. काळ्या राशीत हातभर तांबडं. रचनेचा सांगाडा तिथेच मिळाला: जाड, शांत, करडे पट्टे आणि त्यांना तोडणारी एखादीच तांबडी रेघ. याच खडकाच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात. पाषाण भागातला हिरवा अ‍ॅपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतला गडद निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत आहेत. म्हणून निळा रंग घ्यायचा, पण थोडा, आणि खडकातल्यासारखाच एका पोकळीत दाटलेला.

हे झालं निसर्गाकडून आलेलं. चित्रकारांकडून घेतलं ते वेगळं. २०२४ हे वासुदेव गायतोंडे यांचं जन्मशताब्दी वर्ष. त्यांची चित्रं प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली तर जवळ जाऊन पृष्ठभाग पाहा. रोलरने आणि रंगपात्याने रंग चढवून, काढून, पुन्हा चढवून तयार झालेले थर दिसतात आणि उजेड आतून येतोय असं वाटतं. आपल्या कामाला ते अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. भिंतीवर त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. घ्यायची ती थरांची रीत: एकच गडद हात मारण्यापेक्षा पातळ, अर्धपारदर्शक चार हात एकमेकांवर. नसरीन मोहम्मदी यांच्या रेखाचित्रांतून घेतली अंतरांची शिस्त. रेघ सारखीच असते, दोन रेघांमधली जागा बदलत जाते आणि नजर त्या जागेमागे चालत राहते. तांबड्या-पांढऱ्याचं धैर्य आलं कोकण-गोव्यातल्या देवळांच्या कावी कामातून. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो खरवडून खालचं पांढरं काढलेलं हे काम उन्हापावसात कित्येक पिढ्या टिकलं आहे. कारण तो तांबडा म्हणजे लोहाचा ऑक्साइड, ज्याला ऊन बाधत नाही. रंग निवडताना ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

कच्चं चित्र १:२० प्रमाणात केलं. म्हणजे कागदावर साधारण ४६ बाय ५५ सेंटिमीटर. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे भिंतीवर दोन सेंटिमीटर, हे प्रमाण डोक्यात बसायला सोपं जातं. आधी रंग नकोत. काळी, करडी आणि पांढरी एवढ्यात रचना उभी राहते का ते पाहावं. समोरच्या गच्चीवरून काढलेल्या इमारतीच्या फोटोत ते काळं-पांढरं चित्र बसवून, फोटो बोटाच्या पेराएवढा लहान करून पाहिला. तेवढ्या आकारातही तोल कळत असेल तर भिंतीवर कळणारच.

डिसेंबर सगळा सोसायटीत गेला. व्यवस्थापक समितीला पटलं तरी दुरुस्ती आणि रंग मिळून खर्च समितीच्या अधिकाराबाहेर जात असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. वार्षिक सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते, विशेष सभेला ५ दिवसांची. आमची विशेष सभा झाली. सभेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "हे नेमकं काय आहे?" याला उत्तर म्हणून तत्त्वज्ञान सांगू नये. घाटातल्या कड्याचा फोटो आणि शेजारी कच्चं चित्र ठेवलं, तांबडी पट्टी बोटाने दाखवली. कड्याचं चित्र काढलेलं नाही, त्यातलं अंतर आणि वजन घेतलं आहे, एवढं सांगितलं. शेजारच्या इमारतीतल्या काकू म्हणाल्या, "मग गणपती का नाही काढत?" त्यांचा प्रश्न रास्त होता. गणपती काढला की त्याच्यावर थुंकी, पाणी, गंजाचे ओघळ काही चालणार नाही. पार्किंगच्या भिंतीवर ती जबाबदारी कोण घेणार, हे बोलल्यावर त्यांना पटलं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आणि तोही खरा आहे. पश्चिमेच्या भिंतीवर काळा रंग म्हणजे एप्रिल-मेमध्ये आतली खोली जास्त तापणार. त्यामुळे ज्या भागामागे घरं आहेत तिथे फिकट आणि मध्यम करडे, आणि सगळ्यात गडद पट्टे जिन्यामागच्या भागात, असं रचनेत बदललं. गडद रंगाचं दुसरंही नुकसान आहे. दिवसा तापून फुगणं आणि रात्री आकसणं जास्त होतं, आणि बारीक भेगा तिथेच आधी दिसतात. चित्राला या बदलाचा फायदाच झाला, वजन एका बाजूला झुकलं.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घेतली. महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात चित्राची प्रत, ठराव आणि भिंतीचा फोटो जोडून अर्ज दिला. पोच त्याच दिवशी, उत्तर साधारण तीन आठवड्यांनी. भिंत खाजगी आणि आवारातली असली तरी अर्ज द्यावाच. सार्वजनिक नजरेला पडणाऱ्या जागांसाठी महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ आहे. मालकाची लेखी संमती आणि अर्जाची पोच फाइलमध्ये असली की कुणी विचारल्यावर दाखवता येते. जाहिरातीचं वेगळं. कुठल्या कंपनीचं नाव, बोधचिन्ह किंवा फोन नंबर चित्रात आला की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४-२४५ चा, म्हणजे आकाशचिन्ह आणि जाहिरातींच्या परवान्याचा विषय होतो. रंग प्रायोजित मिळत असेल तरी भिंतीवर नाव लिहायचं कबूल करू नका. इमारत वारसा यादीत असेल तर आणखी एक टप्पा वाढतो, तो सुरुवातीलाच तपासा. परांचीचे पाय फूटपाथवर येणार असतील तर त्याचीही वेगळी परवानगी. आमचे आवारात होते. भिंतीच्या कडेने वीजजोडणीची केबल जात होती, त्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयात पत्र देऊन ती आधीच सरकवून घेतली. परांची बांधल्यावर हे करायला गेलं तर भाडं चालू राहतं आणि काम थांबतं.

करार चित्रकाराने स्वतः लिहावा, दोन पानं पुरतात. आमच्या करारात होतं: दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, पैसे तीन टप्प्यांत, ४० टक्के ठरावानंतर, ४० टक्के आखणी झाल्यावर, २० टक्के परांची उतरल्यावर, एका पावसाळ्यानंतर पाहणी आणि डागडुजी विनामूल्य, भिंतीत खिळा, हुक, फलकाची दोरी नको. शेवटची अट गणेशोत्सवाच्या आधी सगळ्यांना आठवण करून द्यावी लागते, २०२५ मध्ये तो ऑगस्टअखेर होता. आणि एक कलम चित्र पुसण्याबद्दल: पुसण्याआधी लेखी कळवायचं आणि छायाचित्रणासाठी वेळ द्यायचा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकाराचा नैतिक हक्क काम विकल्यावरही राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढलं गेलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष परत द्यायचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. पण न्यायालयात इतकी वर्षं जाण्यापेक्षा करारातली एक ओळ सोपी.

जानेवारीत भिंतीची तपासणी. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वात महत्त्वाचा आठवडा. आधी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जायचं. बद्द, पोकळ आवाज आला की खडूने गोल करायचा. गच्चीवरून दोर सोडून केलेल्या झुल्यावरून हे काम रंगारी करतात, स्वतः करायचा हट्ट नको. मग तळहात घासून पाहायचा. पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना रंग मेलेला आहे, त्यावर नवीन काही चिकटणार नाही. जुना रंग घट्ट वाटला तरी ब्लेडने फुली मारून चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर पापुद्रा आला तर तो सगळा भाग खरवडायचा.

ओल तपासायला ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर चिकटवायचं आणि किमान १६ तास ठेवायचं. आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. असे तुकडे माथ्याशी, मध्यावर, खाली आणि पाइपांजवळ लावावेत. आमच्याकडे माथ्याचा आणि पाइपाजवळचा, दोन्ही ओले निघाले. माथ्याशी गच्चीचा कोबा आणि कठडा यांच्या सांध्यात भेग होती, पाइपाचा एक सांधा सुटलेला होता. पाणी आत शिरण्याची वाट बंद केल्याशिवाय बाहेरून कितीही भारी रंग लावला तरी तो आतल्या वाफेने फुगतो. रंगाच्या दुकानात याला उपाय म्हणून महागडा जलरोधक रंग सुचवतात. तो बाहेरचं पाणी अडवतो, आतलंही अडवतो, आणि मग फोड येतात. आधी गच्ची, मग भिंत.

लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारे पांढरे क्षार, लागला होता तो भाग कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून काढला. लोणा पाणी मारून धुऊ नये, क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळताना पुन्हा फुटतात. झाडायचं, दहा दिवस थांबायचं, परत आला तर परत झाडायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येणं थांबलं.

पोकळ गिलावा काढून १:४ सिमेंट-वाळूचे नवे ठिगळ, दोन थरांत. सात दिवस पाणी. त्यानंतर किमान २८ दिवस होईपर्यंत रंग नाही, हे रंगारी घाईत टाळायला बघतात. नवा सिमेंट गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, पीएच १२ ते १३. ताज्या गिलाव्यावर काही रंगद्रव्यं जळतात आणि नेमका ठिगळाचा आकार चित्रात उमटून येतो. ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन थेंब लावून पीएच-पट्टी टेकवली की कळतं, शंभर-दीडशे रुपयांत पट्ट्या मिळतात. आकडा ९ च्या आसपास येईपर्यंत थांबलो.

भेगांचं थोडक्यात: केसासारख्या भेगा पत्र्याच्या टोकाने ५-६ मिलिमीटर व्ही आकारात उघडून पॉलिमरच्या भरणीने भरायच्या. उन्हाळ्या-हिवाळ्यात हलणाऱ्या भेगेत लवचिक सीलंट. बोट जाईल एवढी किंवा तिरपी पायऱ्यापायऱ्यांची भेग असेल तर ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायची. लांबी बाहेरच्या भिंतीला फक्त पांढऱ्या सिमेंटची, दोन हात मिळून दीड मिलिमीटरपर्यंतच. खडूची लांबी पाण्याने फुगते.

ही वाट पाहताना रंग ठरवले. दोन फुटी सिमेंट शीटवर अस्तर (प्राइमर) आणि रंगाचे दोन-दोन हात देऊन नमुने केले आणि त्याच भिंतीला उन्हात टेकवून ठेवले, अर्धा भाग फॉइलने झाकून. पाच-सहा आठवड्यांत टिकाऊ रंग कोणते हे सिद्ध होत नाही, पण कच्चे कोणते ते नक्की कळतं. झगझगीत नारिंगी, राणी आणि पोपटी नमुने फॉइल काढल्यावर दोन छटांचे दिसले. लोहाचा तांबडा आणि पिवळा, कार्बनचा काळा, टायटॅनियमचा पांढरा, थॅलो निळा आणि हिरवा हे उन्हाला आणि अल्कलीला दोन्हीला टिकतात. प्रशियन निळा सिमेंटवर टाळावा, अल्कलीने तो तपकिरी पडतो. दुकानात रंग मिसळून घेताना छटेचं नाव नको, कुठलं रंगद्रव्य टाकणार ते विचारा. घरी स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) मिसळणार असाल तर ५ टक्क्यांच्या आत, त्याहून जास्त झालं की रंग हाताला सुटतो. एकाच छटेचे सगळे डबे एकत्र घ्यायचे आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळायचे. वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या डब्यांचा फरक सपाट पट्ट्यावर रेघेसारखा दिसतो. मोठ्या भिंतीवर उन्हात प्रत्येक रंग नमुन्यापेक्षा फिका दिसतो, त्यामुळे पसंत पडलेल्या छटेपेक्षा एक पायरी गडद घेतली.

रंगपंचमी झाल्यावर, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लोखंडी पाइपांची परांची बांधली. भिंतीपासून अंतर ३० सेंटिमीटर. त्याहून कमी असलं तर हात मोकळा फिरत नाही, जास्त असलं तर माणूस पुढे वाकतो आणि तेच धोक्याचं. दोन मीटरच्या वर पूर्ण शरीराचा हार्नेस. जीवनदोर गच्चीवरच्या पक्क्या आधाराला बांधायचा, परांचीला बांधू नये. परांची गेली तर दोरही तिच्याबरोबर जातो.

अस्तराचा एक हात, बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक अस्तराचे ११ लिटर लागले. मग मूळ करड्याचे दोन हात पूर्ण भिंतीवर. लिटरला दोन हातांचे ५० ते ६० चौरस फूट निघतात, त्या हिशोबाने २० लिटर. मूळ रंग भिंतभर द्यायचा फायदा असा, की पुढे कुठलीही कड चुकून उघडी राहिली तरी तिथून पांढरं डोकावत नाही.

आखणी गुढीपाडव्याच्या, म्हणजे ३० मार्चच्या आठवड्यात. एक मीटरचे चौकोन. उभ्या रेषेसाठी ओळंबा, पण ३६ फुटांवर वाऱ्याने तो थांबतच नाही. खाली पाण्याने भरलेल्या बादलीत लोलक बुडवून ठेवायचा, मिनिटात स्थिर होतो. आडव्यांसाठी पाण्याची पारदर्शक नळी. नळीत एक जरी बुडबुडा अडकला तरी मोजमाप फसतं, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का पाहायचं. दोरी मारायला फिक्या निळ्या खडूची भुकटी. गेरू किंवा तांबडी पूड वापरली तर ती फिकट रंगातून वर येते. हल्ली बरेच जण भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा करून, फोटो काढून, मोबाइलवर चित्र त्यावर बसवून आखतात. पद्धत चांगली आहे, पण तो फोटो परांची चढायच्या आधीच घ्यावा लागतो आणि सरळ रेषांच्या चित्राला चौकोनच बरे. मोठ्या कमानीसाठी दोरी नको, ती ताणली जाते. पातळ प्लास्टिकची पट्टी दोघांनी टोकांना धरून वाकवली आणि तिसऱ्याने रेघ ओढली.

रंग वरून खाली. सकाळी साडेसहा ते अकरा. त्यानंतर हवा तापते, साडेबारानंतर भिंतही, रंग ब्रशखालीच वाळतो आणि जोड दिसतात. सरळ कडेसाठी मास्किंग टेप, पण खरबरीत गिलाव्यावर टेपखालून रंग झिरपतो. उपाय साधा: टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग मारायचा. झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बुजते. मग नवा रंग, आणि तो ओला असतानाच टेप ४५ अंशात ओढून काढायची. दुपारच्या उन्हात राहिलेली टेप गोंद सोडून जाते, म्हणून लावली त्याच सकाळी काढायची.

थरांच्या भागाला सर्वात जास्त दिवस लागले आणि सर्वात जास्त आनंदही त्याचाच. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक माध्यमात थोडा रंग मिसळून रोलरने पसरायचा, रबरी पात्याने ओढायचा, काही ठिकाणी वर्तमानपत्राचा कागद दाबून उचलायचा. कागद उचलला की खालचा थर तुकड्या-तुकड्यांनी दिसतो आणि पृष्ठभागाला खडकासारखी खोली येते. एप्रिलमध्ये हाताशी १०-१२ मिनिटं मिळतात. त्यामुळे एका वेळी दीड-दोन चौरस मीटरच घ्यायचे आणि थांबायचं ते पट्ट्याच्या कडेवर, मध्येच नाही. फवारणीच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा दिला तर आणखी दोन-तीन मिनिटं मिळतात. दोन थरांत किमान चार तास. घाई केली तर वरचा रोलर खालचा थर सोलून काढतो. आणि हे परांचीवरून नीट दिसत नाही. नाकासमोर फक्त दोन फूट असतात. रोज काम संपल्यावर समोरच्या गच्चीवरून एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि दुसऱ्या सकाळचं काम त्यावरून ठरवायचं. कच्च्या चित्रातला एक तांबडा पट्टा फोटोत दोनदा पाहिल्यावर अर्धा केला, निळा मात्र एक मीटर खाली आणला. आखणी काटेकोर असली की असे बदल निर्धास्त करता येतात.

एप्रिलअखेर वळवाचा पाऊस आला. सहा तासांच्या आतल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर पाणी पडलं तर त्यातले साबणासारखे घटक वर येऊन चिकट, फिकट ओघळ दिसतात. पाहून पोटात गोळा येतो, पण लगेच पुसू नये. पूर्ण वाळल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ स्पंजने ते जातात. संध्याकाळी ढग दाटलेले असतील त्या दिवशी पातळ थरांचं काम घेऊ नये, सपाट पट्टे घ्यावेत.

परांची मेच्या पहिल्या आठवड्यात वरून खाली उतरवली. भिंतीत आधारासाठी पाडलेली भोकं उतरवता उतरवताच भरून रंगवायची, त्यासाठी प्रत्येक छटेचा अर्धा-अर्धा लिटर हवाबंद डब्यात, वर छटेचं सूत्र लिहून राखून ठेवला. वरून चकचकीत पॉलियुरेथेन दिलं नाही, ते भिंतीचा श्वास कोंडतं आणि पिवळं पडतं. फक्त खालच्या सहा फुटांवर, जिथे हात आणि गाड्या लागतात तिथे मॅट अ‍ॅक्रिलिक क्लिअरचा एक हात. त्या वर्षी मान्सून २६ मे लाच पोचला. जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशोब धरून मे अखेरपर्यंत काम ताणलं असतं तर रंग पूर्ण पक्का व्हायच्या आत भिजला असता. रंगाला साधारण तीन आठवडे कोरडे मिळावेत, असं धरूनच वेळापत्रक उलटं मोजत यावं.

खर्च: गच्ची, पाइप आणि गिलावा ४२,००० रुपये, परांची २७,०००, अस्तर, लांबी, रंग, माध्यम ३४,०००, रोलर, टेप, हार्नेसचं भाडं वगैरे ९,०००, दोन मदतनिसांची मजुरी ४३,०००. एकूण १,५५,०००, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४४ रुपये, मानधन सोडून. मानधनाचा आकडा यातच मिसळून सांगू नका, नाहीतर घासाघीस होते ती त्याच्यावरच. सेवेवर जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, पण सोसायटीला पावती नोंदणी नसतानाही द्यावी.

ऑक्टोबरच्या पाहणीत तीन गोष्टी निघाल्या. कठड्याच्या बाहेरच्या कडेखाली पाणी तुटण्यासाठी खाच नव्हती, तिथून दोन काळपट ओघळ उतरले होते. खाच पाडून घेतली आणि ओघळ मऊ ब्रशने धुतले. खालून दीड फुटात जमिनीवरून उडालेल्या चिखलाचे ठिपके होते, तिथे फरशीचा उतार भिंतीकडे होता, तो सोसायटीने बदलून घेतला. जिन्यामागच्या सगळ्यात गडद पट्ट्यात एक बारीक भेग आली होती, ती भरून राखलेल्या डब्यातून रंगवली. माथ्याजवळ प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून पाहिला, दुसऱ्या दिवशी आतून कोरडा निघाला. पुढची पाहणी २०२६ च्या पावसाळ्यानंतर. छटांची सूत्रं, डबे आणि भिंतीचा मोजमापाचा कागद सोसायटीच्या कार्यालयात ठेवले आहेत.